विचारा डॉक्टरांना: शेंगी पळायला लागली तरी सोडू नका

नमस्कार डॉक्टर, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. आमची शेंगी डॅशहाउंड जातीची कुत्री आहे, सहा वर्षांची, लांबुळकी आणि तांबूस म्हणून मुलानं शेंगी नाव ठेवलं. तीन आठवड्यांपूर्वी कुकरची शिट्टी झाली आणि ती दचकून दिवाणावरून उडी मारून खाली आली, तेव्हा नुसती केकाटली आणि गप्प झाली. दुसऱ्या दिवशी पाठ कमानीसारखी वर, थरथरत उभी, उचलायला गेलं की ओरडायची, पोटाला हात लावला तर पोट दगडासारखं. आम्हाला वाटलं पोटात दुखतंय, दवाखान्यातही गॅसचं औषध दिलं आणि एक इंजेक्शन दिलं, ते स्टेरॉइडचं होतं असं नंतर फाइलवर वाचलं. मिस्टरांनी वरून मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी पाव पाव करून दोन दिवस दिली. चौथ्या दिवशी शेंगी एकदम ठणठणीत! घरभर पळाली, आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो, आणि त्याच संध्याकाळी सोफ्यावर चढायला गेली ती मागचे पाय लटपटायला लागले. आता चालते पण दारू प्यायल्यासारखी, डावा पंजा उलटा पडतो. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून मणक्यात प्रॉब्लेम आहे म्हणाले आणि पिंजऱ्यात ठेवा म्हणाले. सासूबाई म्हणतात, बिचारीला कशाला कोंडून ठेवलालाव, एरंडेल लावून चोळा आणि हाडवैद्याकडं न्या. शेजारचे म्हणतात कायमची झोपवून टाका, कशाला हाल करता. पुण्याला न्यावं का, ऑपरेशन लागेल का, पिंजरा खरंच इतका गरजेचा आहे का? तिच्याकडं बघवत नाही हो. वजन १२ किलो आहे.

एक वाचक, जुळे सोलापूर

ताई, पहिले एक काम करा, हे वाचत असाल तिथून उठा आणि शेंगीला बघा. मागचे दोन्ही पाय ओढत असेल, किंवा आज सकाळपासून लघवी झाली नसेल, किंवा झोपल्या जागी थेंब थेंब गळत असेल, तर पुढचं उत्तर नंतर वाचा, आधी गाडी काढा. पाय पूर्ण गेल्यावर तास मोजायचे असतात, दिवस नाही. अशा वेळी मणक्याचं ऑपरेशन जितक्या लवकर तितकं बरं, आणि पंज्याच्या हाडापर्यंत चिमटा काढूनही कळत नाही अशी अवस्था आली तर मग ऑपरेशन करूनही निम्म्याच्या आसपासच कुत्री परत चालतात, तेही पहिल्या दिवसा-दोन दिवसांत झालं तर. चिमट्याची भानगड घरी करू नका, एक तर ती चावेल आणि दुसरं म्हणजे पाय मागं घेतला म्हणजे कळलं असं नसतं, ते नुसतं रिफ्लेक्स असू शकतं, तिनं मान वळवून बघायला पाहिजे किंवा ओरडायला पाहिजे, हे बघायला डॉक्टरच हवा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून शेंगी अजून तिथं गेलेली नाही. दुखतंय, लटपटतेय, पण स्वतःच्या पायानं चालतेय. अशी बहुतेक कुत्री ऑपरेशनशिवाय सुधारतात. अट एकच आहे आणि तीच तुम्हाला सगळ्यात जड जाणार आहे, म्हणजे तो पिंजरा.

आता झालंय काय ते सांगतो, म्हणजे सासूबाईंनाही वाचून दाखवता येईल. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, बाहेरून घट्ट रिंग आणि आत जेलीसारखं मऊ. ती शॉकॲबसॉर्बर. डॅशहाउंडसारख्या आखूड पायांच्या जातीत ही आतली जेली फार लवकर सुकते, कुत्रं वर्षाचं होतंय न होतंय तोच श्रीखंडाचा खडू व्हायला लागतो. वरून काहीच दिसत नाही, कुत्रं हुंदडत असतं. मग तीन ते सात वर्षांच्या दरम्यान कधीतरी रिंग फाटते आणि तो खडू वर ढकलला जाऊन मज्जारज्जूवर आपटतो, म्हणजे मेंदूपासून मागं जाणारी जी मेन वायर आहे तिच्यावर. बहुतेक वेळा जागा ठरलेली, बरगड्या संपतात आणि कंबर सुरू होते तिथं. जगभरात पाचातल्या साधारण एका डॅशहाउंडला हे आयुष्यात कधी ना कधी होतं, त्यामुळं कुकरच्या शिट्टीला किंवा स्वतःला दोष देत बसू नका, तिनं त्या दिवशी उडी मारली नसती तर दुसऱ्या कुठल्या दिवशी झालं असतं.

पोट दगडासारखं लागलं तेही याच्यामुळंच. पाठ दुखते तेव्हा कुत्रं पोटाचे स्नायू आवळून धरतं, आणि हात लावणाऱ्याला वाटतं पोटात दुखतंय. पहिल्या डॉक्टरांवर फार चिडू नका, मीही सुरुवातीच्या वर्षांत दोन-तीनदा असाच फसलोय. एक्स-रेचंही तसंच आहे, त्यात हाडं दिसतात, खडू झालेली चकती कधी कधी दिसते, दोन मणक्यांतली जागा कमी झालेली दिसते, पण वायर दिसत नाही. ती बघायची तर एमआरआय किंवा सीटी, आणि त्याला भूल द्यावी लागते.

आता तुमचा चौथा दिवस. मला या सगळ्या पत्रात तेवढाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. शेंगी चौथ्या दिवशी बरी झाली नव्हती, तिला बरं वाटत होतं. स्टेरॉइड आणि गोळीनं दुखणं दाबलं, सूज थोडी उतरली, आतली रिंग मात्र फाटलेली ती फाटलेलीच. दुखणं हा तिचा पट्टा होता, तो आपण सोडला आणि ती पळाली. म्हणून मी दुखण्याचं औषध देतो तेव्हा घरच्यांना आधी विचारतो की पिंजऱ्याची सोय झालीय का, नसेल तर आधी ती करा मग औषध सुरू करू. लोकांना वाटतं डॉक्टर निर्दयी आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या घरीच मोती नावाचा डॅशहाउंड होता. त्याला हेच झालं, मी स्वतःच पिंजरा लावला, आणि अकराव्या दिवशी मीच सोडला, कारण तो इतका छान शेपटी हलवत होता आणि मुलगी रडत होती. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस होते, होम मैदानावर शोभेचं दारूकाम चालू होतं, आम्ही सगळे गच्चीत. खाली मोती आवाजाला घाबरून पलंगाखाली घुसायला गेला. आम्ही खाली आलो तर तो पुढच्या दोन पायांवर सरपटत माझ्याकडं येत होता, आणि शेपटी हलत नव्हती. मी पशुवैद्य, एवढं सगळं माहीत असलेला. नंतर तो चालला, पण पुन्हा कधी सरळ चालला नाही, वळताना मागचा भाग वेगळाच कुठंतरी जायचा. चार वर्षं तसाच राहिला, मजेत राहिला, पण ती रात्र माझ्या नावावर आहे.

तर पिंजरा. शब्द वाईट आहे, खोली म्हणा हवं तर. शेंगीला उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढीच जागा, त्याहून मोठी नको. विकतचा क्रेट नसेल तर लहान बाळाचा प्लेपेन चालतो, दोन-चार भाजीचे प्लास्टिकचे क्रेट उभे करून दोरीनं बांधले तरी चालतात, फक्त वरून उडी मारून बाहेर यायला नको. हॉलमध्ये ठेवा, माणसांत, टीव्ही चालू असतो तिथं, बाल्कनीत किंवा मागच्या खोलीत टाकू नका, कोंडल्यासारखं वाटतं ते त्यामुळं. किती दिवस? पुस्तकं किमान चार आठवडे म्हणतात, मी सहा सांगतो, कारण सहा सांगितले की लोक चार पाळतात. सोफ्यावरून लटपटली त्या दिवसापासून मोजा, पहिल्या उडीपासून नाही. आणि दहाव्या-बाराव्या दिवशी ती तुमच्याकडं असं बघेल की तुम्हाला वाटेल आता पुरे, तेव्हा माझ्या मोतीची आठवण काढा.

खाली काय घालायचं? आपल्याकडं घरोघरी व्हिट्रिफाइड टाइल्स नाहीतर गुळगुळीत शहाबादी, त्यावर लटपटणारं कुत्रं म्हणजे शेवाळावर चालणारा माणूस. पिंजऱ्यापासून दारापर्यंत रबरी मॅट टाका. पिंजऱ्यात जुनी सोलापुरी चादर, चौपदरी घालून, कडेला खोचून, म्हणजे गोळा होणार नाही. नवी घालू नका, ती कुरतडेल, सहा आठवडे तिला दुसरं काम काय आहे.

बाहेर न्यायचं ते फक्त शी-शूला, दिवसातून तीन-चारदा, पाच-पाच मिनिटं. गळ्यातला पट्टा काढा, छातीचा हार्नेस घाला. आणि एक टर्किश टॉवेल घ्या, सोलापुरात टॉवेलला काय तोटा. लांबीत तीन घड्या घालून पट्टी करायची, पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढं, आणि दोन्ही टोकं वर एका हातात धरायची, पिशवीचे बंद धरतो तशी. उचलायचं नाही हं, हे लोक चुकतात, मागचे पाय हवेत लटकवून कुत्रं पुढं ढकलत नेतात. पंजे जमिनीला टेकलेच पाहिजेत, आपण फक्त तिचा भार घ्यायचा आणि लटपटून एका बाजूला कलंडायला लागली की सावरायचं. दोन-तीन दिवसांत तुमच्या हाताला कळायला लागेल की आज टॉवेलवर वजन जास्त येतंय की कमी, आणि ताई, माझ्या मते कुठल्याही रिपोर्टपेक्षा ते जास्त खरं असतं. रोज वहीत लिहा. सोबत एक बघा, डावा पंजा हळूच उलटा करून जमिनीवर ठेवायचा आणि ती किती पटकन सरळ करते ते बघायचं. लगेच केला तर छान. कालपेक्षा उशीर लागतोय, किंवा करतच नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी सपाट. काठोकाठ भरलेली परात नेतो ना आपण, पाणी सांडू नये म्हणून, तशी. काखेत हात घालून बाळासारखी उभी उचलायची नाही, मुलालाही सांगा.

उन्हाचा कडाका असेल तेव्हा फिरवायची वेळ सकाळी सहाच्या आत आणि संध्याकाळी साडेसातच्या नंतर, दुपारची शू जिन्यापाशी सावलीत. डांबरावर आपला तळहात टेकवून बघायचा, आपल्याला सोसवत नसेल तर तिलाही नाही. पिंजरा कुलरच्या थेट झोतात नको पण हवा जाईल असा ठेवा, लाइट गेली तर ओला पंचा पिंजऱ्याच्या एका बाजूला टाका, सगळीकडून झाकू नका. पाणी रोज येत नाही हे मला माहितीय, तरी तिची वाटी दिवसातून तीनदा बदला, बसून असलेल्या कुत्रीला लघवीचं इन्फेक्शन लवकर होतं.

औषधांचं. मिस्टरांना रागावून सांगा माझ्या वतीनं. स्टेरॉइड आणि दुखण्याची गोळी एकत्र, किंवा एकामागोमाग लगेच, हे कुत्र्याच्या पोटात अल्सर करणारं कॉम्बिनेशन आहे, आतडं फाटून कुत्री दगावलेली आहेत, पाठ राहिली बाजूला. शी काळी, डांबरासारखी झाली, उलटी झाली किंवा खाणं बंद केलं तर सगळ्या गोळ्या थांबवून सरळ दवाखाना. आताच्या डॉक्टरांना आधी काय काय दिलं ते न लाजता सांगा, फाइल दाखवा, गोळीचं पाकीट न्या. एकातून दुसऱ्यावर जायचं तर मध्ये किती दिवस सोडायचे ते त्यांना ठरवू द्या. नसांच्या दुखण्याला बऱ्याचदा गॅबापेन्टिन देतात, चांगलं औषध आहे, थोडी झोपाळते इतकंच, पण माणसांचं पातळ औषध मेडिकलमधून परस्पर आणू नका, काहींमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो आणि तो कुत्र्याला विष आहे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि एरंडेलाची बाटली कपाटात ठेवा. चोळल्यानं स्नायू सैल होतात हे खरं, पण शेंगीचे स्नायू आखडलेत ते त्या फाटलेल्या जागेला धरून ठेवायला, निसर्गानं घातलेलं ते प्लास्टर आहे, ते आपण कशाला सैल करायचं. हाडवैद्य तर अजिबात नको. एक हिसका बसला की उरलेला खडूही वर येईल. माझ्याकडं असं हाडवैद्याला दाखवून आलेलं कुत्रं आलंय, रिक्षातून उतरवलं तेव्हाच मला कळलं होतं. सासूबाईंना काम द्यायचं तर दुसरं द्या, वजनाचं. १२ किलो फार झालं, शेंगीच्या चणीची कुत्री नऊच्या आसपास पाहिजे. मला खात्री आहे की भाकरी-दूध कोण घालतं ते घरात सगळ्यांना माहीत आहे! दूध बंद, बिस्किटं बंद, भाकरी चतकोर, बाकी उकडलेलं चिकन किंवा अंडं आणि दुधी-गाजर. आणि भाकरीला शेंगाचटणी लावून देत असतील तर तेही बंद, नाव शेंगी असलं तरी, चटणीत लसूण असतो आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्ताला वाईट. दर रविवारी तिला घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, तुमचं नको, मुलाचं करा, तेवढाच त्याचा अभ्यास.

पुण्याला न्यायचं का? आत्ता या घडीला नाही. अडीचशे किलोमीटर गाडीत हादरे खात नेण्यापेक्षा ती पिंजऱ्यात बरी. पण तयारी करून ठेवा, कुठल्या दवाखान्यात मणक्याचं ऑपरेशन होतं, एमआरआय कुठं होतो, रात्री फोन कोण उचलतं, अंदाजे खर्च काय, हे आजच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळचं जुनं कॉलेज आहे, तिथंही आधी फोन करून सोय विचारा. रात्री दोन वाजता पाय गेल्यावर गूगल करत बसायची वेळ येऊ नये. नेताना पिंजऱ्यासकट न्या, मांडीवर नाही. आणि पाय चालत नसले तरी चिमटा कळतोय अशा वेळी केलेलं ऑपरेशन बहुतेक कुत्र्यांना उभं करतं, तेव्हा तशी वेळ आलीच तर हातपाय गाळू नका.

शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. चालणाऱ्या, खाणाऱ्या, तुम्हाला बघून शेपटी हलवणाऱ्या सहा वर्षांच्या कुत्रीला झोपवायचा विषयच येत नाही. मोतीनं मागचा अर्धा भाग वाकडा असताना चार वर्षं आमच्या गल्लीतल्या मांजरांना सुखानं जगू दिलं नाही.

सहा आठवडे झाले की एकदम सोडायचं नाही. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं पट्ट्यावर, मग थोडं थोडं वाढवत. दिवाण-सोफा आता कायमचा बंद, किंवा सुताराकडून उताराची फळी करून घ्या, वर जुनी मॅट ठोकून. हे दुखणं परत उसळतं, बऱ्याच कुत्र्यांना उसळतं, त्यामुळं तो क्रेट भंगारवाल्याला देऊ नका. महिन्यानं टॉवेलची वही घेऊन लिहा मला.

डॉक्टर, आमच्या ११ वर्षांच्या लॅब्राडोरला संधिवात आहे, सकाळी उठताना कण्हतो. वडिलांची डायक्लोफेनॅकची गोळी घरात असते, वजनाच्या हिशोबानं अर्धी दिली तर चालेल का?

एक वाचक, बार्शी

नाही. अर्धीही नाही, पावही नाही. हिशोब वजनाचा नसतो, कुत्र्याचं पोट आणि किडनी ही गोळी आपल्यासारखी सोसतच नाही. आयब्युप्रोफेनचंही तेच, आणि पॅरासिटामॉल साधं म्हणून देतात तेही लिव्हरला जड जातं, मांजराला तर एका गोळीत संपवतं. डायक्लोफेनॅकची तर गोष्टच वेगळी, एके काळी आम्ही बैलांना सर्रास टोचायचो, मग ती मेलेली जनावरं खाऊन गिधाडांच्या किडन्या जायला लागल्या, आणि २००६ साली सरकारनं जनावरांसाठी ती बंद केली. त्या जागी मेलोक्सिकॅम आलं, ते कुत्र्यांनाही देतात, पण डोस डॉक्टरनं ठरवायचा आणि वयस्कर कुत्र्याच्या रक्ताची तपासणी करून, किडनी-लिव्हर बघून मगच. ११ वर्षांच्या लॅबला तोवर करता येण्यासारखं म्हणजे वजन उतरवा, झोपायला जाड गादी द्या, फरशीवर मॅट टाका, आणि सकाळी उठल्या उठल्या पाच मिनिटं अंगणातच हळू चालवा, लांबचा फेरा नंतर. वडिलांच्या गोळ्या वरच्या कप्प्यात ठेवा, लॅब आहे, पाकिटासकट खाईल.